खाड्याचे पैसे, कोळशाची पोती आणि डग्लस क्लार्क

मागच्या अंकात एका उत्तराच्या शेवटी मी दोनच ओळी लिहिल्या होत्या, की इंग्लंडमधला रग्बी लीग हा खेळ बुडालेल्या मजुरीच्या भांडणातनं जन्मला आणि त्याच्या सुरुवातीच्या काळात डग्लस क्लार्क नावाचा एक कोळसेवाला पैलवान होऊन गेला. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळी बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवले. कोल्हापुरात कुस्ती आणि फुटबॉल सोडून तिसऱ्या खेळाबद्दल इतकं कुणी विचारतं हे बघून फार बरं वाटलं.

प्रश्न : ताई, तुमच्या त्या ओळीवरनं आमच्या कट्ट्यावर लई वाद झाला. एकजण म्हणतोय, असं कुठं असतंय व्हय, खेळ पैशावरनं फुटत नसतो, नियमावरनं फुटतो. नक्की काय झालं होतं ते जरा सविस्तर सांगा.
(फुटबॉलप्रेमी, शिवाजी पेठ)

उत्तर : तुमच्या मित्राला सांगा, नियम नंतर बदलले. आधी फाटलं ते खाड्यावरनंच.

झालं असं, की इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशर आणि लँकेशर हा सगळा गिरण्यांचा, कोळशाच्या खाणींचा, गोदीचा मुलुख. तिथं रग्बी खेळणारी पोरं म्हणजे गिरणीत मागावर उभी राहणारी नाहीतर खाणीत उतरणारी. शनिवारी दुपारपर्यंत काम असायचं आणि मग मॅच. मॅच आपल्या गावात असेल तर ठीक, पण लांबच्या गावाला जायचं असेल तर सकाळीच गाडी पकडायची म्हणजे अर्ध्या दिवसाचा खाडा, आणि टूर असेल तर अख्ख्या दिवसांचे खाडे. मॅच बघायला हजारो माणसं तिकीट काढून यायची, क्लबच्या गल्ल्यात पैसे जमायचे, आणि ज्याच्यासाठी माणसं आली तो शनिवारी संध्याकाळी घरी कमी पगार घेऊन जायचा. तर क्लबवाल्यांचं म्हणणं एवढंच होतं की खेळण्याचा पगार देत नाही, फक्त बुडालेला रोज भरून देतो. त्याला ते ‘ब्रोकन टाइम’ म्हणायचे, आपल्याकडे सरळ खाड्याचे पैसे.

हे १८९३ ला लंडनच्या मीटिंगमध्ये मांडलं गेलं आणि २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडलं. रग्बीचा कारभार ज्यांच्या हातात होता त्यांना वाटायचं की पैसा शिरला की खेळ बाटला. ज्याच्या घरी चूल पेटायची चिंता नाही त्याला असं वाटणं सोपं असतं, हे माझं मत, आणि त्यावर मी ठाम आहे. दोन वर्षं धुसफूस चालली आणि २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्ड गावातल्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि वेगळे झाले. नाव ठेवलं नॉर्दर्न युनियन. खाड्याचे जास्तीत जास्त सहा शिलिंग दिवसाला असं ठरलं. पहिल्या सीझनला २२ क्लब होते.

गंमत बघा, १८९८ ला त्यांनी खेळायचे उघड पैसे देणं सुरू केलं तरी अट घातली की प्लेअरला खरीखुरी नोकरी पाहिजेच, नुसतं खेळून खायचं नाही. बिलियर्डच्या टेबलावर मार्क मांडणं किंवा पबमध्ये वेटर असणं ही नोकरी धरायची नाही. ती अट १९०५ ला गेली. नियम मात्र हळूहळू बदलत गेले, कारण क्लबला आता गेटवरच्या पैशावर जगायचं होतं आणि माणसं पळापळ बघायला येतात, ढिगारा बघायला नाही. १८९७ ला लाइनआउट, म्हणजे बाहेर गेलेला बॉल रांगेत उभ्या प्लेअरांमध्ये परत आत फेकणं, काढून टाकलं. १९०६ ला १५ चे १३ प्लेअर केले आणि पकडला गेलेल्याने उठून बॉल पायाने मागे सारून खेळ चालू करायचा असं ठरलं. रग्बी लीग हे नाव तर १९२२ ला आलं. आणि मूळची जी रग्बी, जिच्यातनं हे क्लब फुटले, ती रग्बी युनियन, तिने प्लेअरला उघड पैसे द्यायला परवानगी दिली १९९५ च्या ऑगस्टमध्ये. बरोबर शंभर वर्षं लागली.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी स्वतः तालमीत होतो, आता गुडघ्यामुळे बंद आहे. तुम्ही लिहिलेला तो क्लार्क कोळसेवाला पण, पैलवान पण आणि रग्बीवाला पण, हे एका माणसाला कसं काय जमलं? त्याची पूर्ण कारकीर्द सांगा. खुराक काय होता तेही सांगा जमलं तर.
(माजी पैलवान, गंगावेश)

उत्तर : पैलवान, खुराकाचं राहू द्या, बाकीचं सगळं सांगते.

डग्लस क्लार्क जन्मला १८९१ ला, एलनबरो नावाच्या गावात, मेरीपोर्ट बंदराला लागून. इंग्लंडच्या नकाशात डावीकडे अगदी वरती, स्कॉटलंडच्या खाली जो कंबरलँडचा भाग आहे तिथं. खाली समुद्र, मागे डोंगर, आणि जमिनीत कोळसा. वडिलांचा कोळसा विकायचा धंदा. चौदाव्या वर्षी शाळा संपली आणि पोरगं पोती भरायला, उचलायला, गाडीवर चढवायला लागलं. आपल्या मार्केट यार्डात गुळाचे रवे पाठीवर घेऊन पळणारे हमाल तुम्ही बघितले असतील, तीस तीस किलोचा एकेक रवा, दिवसभर तेच. त्यांची मान आणि खांदे बघा म्हणजे क्लार्कच्या अंगाचा अंदाज येईल. जिममध्ये ते अंग बनत नाही.

त्या भागात प्रत्येक गावच्या जत्रेला कुस्ती असतेच, म्हणजे अगदी आपल्यासारखं. त्यामुळे कुस्ती तो घरच्या अंगणातच शिकला म्हणायला हरकत नाही. रग्बी खेळला ब्रूकलँड रोव्हर्स या मेरीपोर्टच्या टीमकडनं, आणि तिथनं १९०९ ला हडर्सफील्डने त्याला उचललं. वय १८. तिथनं पुढे थेट १९२९ पर्यंत, म्हणजे वीस वर्षं, एकच क्लब. तो फॉरवर्डला खेळायचा. ज्यांनी रग्बी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, फॉरवर्ड म्हणजे पुढच्या फळीतली माणसं, स्क्रममध्ये डोकी आणि खांदे अडकवून समोरच्याला रेटायचं, अंगावर येणाऱ्याला थोपवायचं, बॉल घेऊन सरळ गर्दीत शिरायचं. ट्राय झाला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या लाईनपलीकडे नेऊन टेकवला, की टाळ्या विंगवर, म्हणजे कडेनं पळणाऱ्याला मिळतात, रस्ता यांनी केलेला असतो.

त्याचं नशीब असं की हडर्सफील्डची त्यावेळची टीम म्हणजे नाद खुळा. कॅप्टन हॅरॉल्ड वॅगस्टाफ, जो पंधरा वर्षांचा असताना सोन्याच्या पाच सॉव्हरिन नाण्यांवर सही करून क्लबात आला आणि त्याच वर्षी, १९०६ ला, मोठ्या टीममधनं खेळला. विंगवर ऑस्ट्रेलियाहून आलेला अल्बर्ट रोझनफेल्ड. या टीमला लोक ‘टीम ऑफ ऑल टॅलंट्स’ म्हणायचे. १९१२ ला चॅम्पियन, १९१३ ला परत चॅम्पियन आणि वर चॅलेंज कप, आणि १९१४-१५ च्या सीझनला त्या वेळी असलेले चारच्या चार कप त्यांनी घेतले. चॅलेंज कपच्या फायनलला सेंट हेलेन्सला ३७-३ ने हरवलं आणि चॅम्पियनशिपच्या फायनलला लीड्सला ३५-२ ने. एका सीझनला चारही कप घेणं आजवर फक्त तीन क्लबना जमलं, हन्स्लेट, हडर्सफील्ड आणि स्विंटन.

पण ही फायनल झाली तेव्हा महायुद्ध सुरू होऊन आठ-नऊ महिने झाले होते आणि नंतर सगळं बंद पडलं. क्लार्क, वॅगस्टाफ, रोझनफेल्ड असे बरेच जण लष्कराच्या वाहतूक दलात गेले, लंडनजवळ ग्रोव्ह पार्कला. तिथं एक गोष्ट घडली. ज्या जुन्या रग्बी युनियनवाल्यांनी पैसे घेणाऱ्यांना दारात उभं करायचं नाही असं ठरवलेलं, त्यांनी युद्धापुरतं म्हणून लष्कराच्या टीममधनं त्यांना आपल्या नियमाने खेळू दिलं. मग ग्रोव्ह पार्कच्या टीमने १९१६-१७ ला जवळजवळ सगळ्यांना लोळवलं, अख्ख्या सीझनमध्ये एकच मॅच हरले. युद्ध संपल्यावर दार परत बंद. ज्याला खंदकात जायला चालतं, त्याला मैदानात यायला चालत नाही, हे मला आजही पटत नाही.

क्लार्क फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर गाडी चालवायचा, दारूगोळा पुढे पोचवायचा. १९१७ ला पॅशनडेलच्या लढाईत जखमी झाला आणि विषारी वायू छातीत गेला. शौर्यासाठी मिलिटरी मेडल मिळालं. पैलवान, तुम्हाला छातीचं महत्त्व मी सांगायची गरज नाही. दम गेला की पैलवानकी गेली. आणि हा माणूस तशा छातीवर परत आला, फारटाउनला, म्हणजे हडर्सफील्डच्या मैदानावर, परत स्क्रममध्ये शिरला. १९२० ला चॅलेंज कप परत जिंकला, त्याच वर्षी परत ऑस्ट्रेलियाच्या टूरवर गेला, आणि त्यानंतर अजून नऊ वर्षं खेळला. २००५ ला तिकडच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव घातलं, मरून पन्नासच्या वर वर्षं झाल्यावर. तो वारला १९५१ ला.

कुस्तीचं वेगळं पत्र आलंय, ते खाली बघा.

प्रश्न : मॅम, मी अकरावीला आहे. १९१४ ला सिडनीमध्ये दहा जणांनी तेरा जणांना हरवलं असं मी वाचलं. हे शक्य आहे का? आणि जखमी झाल्यावर बदली प्लेअर का नाही घेतले? त्या मॅचचं नाव पण विचित्र आहे.
(विद्यार्थिनी, राजारामपुरी)

उत्तर : शक्य आहे आणि झालंय. बदली प्लेअर घेतले नाहीत कारण तसा नियमच नव्हता, रग्बी लीगमध्ये बदली प्लेअर आला १९६४ ला. तोवर कुणी पडलं की उरलेल्यांनी ओढायचं.

१९१४ ची इंग्लंडच्या टीमची ऑस्ट्रेलियातली टूर, कॅप्टन वॅगस्टाफ, वय २३. पहिली टेस्ट २७ जूनला, ती इंग्लंडवाल्यांनी २३-५ ने मारली. दुसरी लगेच दोन दिवसांनी, २९ जूनला, ती ऑस्ट्रेलियाने १२-७ ने घेतली. आणि मग तिसरी टेस्ट, जी नंतर व्हायची होती, ती तिथल्या लोकांनी अलीकडे ओढून ४ जुलैला ठेवली. म्हणजे आठ दिवसांत तीन टेस्ट. इंग्लंडच्या टीममध्ये आधीच जखमींची लाईन लागलेली, वॅगस्टाफ आणि मॅनेजरांनी नाही म्हणून बघितलं, पण घरनं निरोप आला की खेळा. खेळले.

सुरुवातीलाच विंगवरच्या फ्रँक विल्यम्सचा पाय दुखावला. मग आपला क्लार्क, आधी अंगठा मोडला, तो बांधून घेऊन परत आत आला, आणि मग अंगावर आलेल्याला धडक देताना गळ्यापाशी खांद्याला जोडलेलं हाड मोडलं. हात-खांदा पट्टीने करकचून बांधून त्याने परत आत यायचा प्रयत्न केला. जमेना. तो बाहेर गेला तेव्हा रडत होता. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्याही डोळ्यात पाणी आलं, कारण दुखतंय म्हणून रडणारा तो माणूस नव्हता, चौदाव्या वर्षापासून पोती उचललेला गडी तो. त्याला दिसत होतं की बाहेर बसलो की बाकीच्यांच्या अंगावर माझं ओझं पडणार. पुढे बिली हॉलच्या डोक्याला मार बसला, तो बाहेर. विल्यम्सचा पाय पूर्णच गेला, तो बाहेर. राहिले दहा.

हाफटाइमला स्कोअर ९-० होता इंग्लंडच्या बाजूने, तेव्हा सोडायचं कसं? दहा जणांनी दुसऱ्या हाफमध्ये बराच वेळ अडवून धरलं. आणि नुसतं अडवलं नाही. चिक जॉन्सन नावाचा फॉरवर्ड, त्याला नाईलाजाने विंगवर उभं केलेलं, त्याच्यासमोर बॉल आला आणि त्याने उचललाच नाही, फुटबॉलसारखा पायाने पुढे ढकलत ढकलत नेला आणि लाईनच्या पलीकडे जाऊन त्यावर पडला. ट्राय! कोल्हापूरच्या मैदानावर असा गोल झाला असता तर शाहू स्टेडियम डोक्यावर घेतलं असतं. शेवटी शेवटी ऑस्ट्रेलियाने दोन ट्राय केले पण मॅच संपली १४-६ ला. त्या काळी ट्रायला तीन गुण आणि गोलला, म्हणजे खांबांच्या मधनं मारलेल्या किकला, दोन, म्हणजे दोन ट्रायचे सहा आणि अल्फ वूडने मारलेल्या चार गोलांचे आठ, असे चौदा. करून बघ.

नावाचं म्हणशील तर ‘रोर्क्स ड्रिफ्ट टेस्ट’ हे नाव १८७९ च्या लढाईवरनं पडलं. दक्षिण आफ्रिकेत दीडशेच्या आसपास ब्रिटिश शिपायांनी हजारो झुलू योद्ध्यांना रोखलं होतं. मला हे नाव तितकं आवडत नाही, त्या युद्धात झुलूंच्या मुलखावर चाल करून गेले होते ते ब्रिटिशच. तुला चौथीच्या इतिहासातनं आपल्या बाजीप्रभूंची खिंड आठवली असेल. पन्हाळा इथनं किती लांब आहे ते तुला सांगायला नको. कमी माणसांनी रोखून धरणं हे खिंडीत झालं, ते आपल्या लोकांनी आपल्या राजासाठी केलं. मॅचला मॅचच राहू द्यावं.

मॅच झाली ४ जुलैला. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, ४ ऑगस्टला, ब्रिटन युद्धात उतरलं. टीम तेव्हा घरी पोचली सुद्धा नव्हती. त्या टूरवरचे काही जण त्या युद्धातनं परत आलेच नाहीत.

प्रश्न : क्लार्क कुस्ती कुठली खेळायचा? मातीतली का मॅटवरची? चितपट असायची का पॉइंटवर? आमच्या वस्तादांनी विचारायला सांगितलंय.
(पठ्ठा, शाहूपुरी)

उत्तर : वस्तादांना माझा नमस्कार सांगा. ना माती ना मॅट, गवतावर.

तिकडच्या त्या कुस्तीला कंबरलँड-वेस्टमोरलँड म्हणतात. सुरुवातच वेगळी. दोघं समोरासमोर उभे राहतात, एकाची हनुवटी दुसऱ्याच्या उजव्या खांद्यावर, आणि एकेक हात समोरच्याच्या बगलेखालनं व एकेक वरनं घेऊन पाठीमागे स्वतःच्या दोन्ही हातांची बोटं अडकवायची. ती पकड पूर्ण बसली की पंच सुरू म्हणतो. तिथनं पुढे ती पकड सुटली की हरलात, भले अजून उभे असा. आणि पायाच्या तळव्याशिवाय अंगाचा कुठलाही भाग जमिनीला आधी लागला की हरलात. आपल्यासारखं पाठ टेकवून आसमान दाखवायची गरज नाही, गुडघा टेकला तरी खलास. खाली जाऊन पट काढणं, घिस्सा मारणं, सवारी कसणं हे त्यात काहीच नाही. सगळा खेळ उभ्याने, पायाने पाय अडवायचा, कमरेवर घेऊन फेकायचं, छातीवर उचलून फिरवायचं. दोघं एकदम पडले आणि पंचाला कळलं नाही कोण आधी, तर परत लावायची. तीनपैकी दोन पाडाव जो घेईल तो जिंकला.

पोशाख तुमच्या पठ्ठ्यांना ऐकून नवल वाटेल. पांढरी घट्ट लांब विजार, पांढरा बनियन आणि वरनं मखमलीची भरतकाम केलेली चड्डी. घरातल्या बायका ते भरतकाम करून देतात, त्याचं वेगळं बक्षीस पण असतं.

ग्रासमिअर नावाच्या गावात दर उन्हाळ्यात त्यांचं मोठं मैदान भरतं, त्या भागातल्या पैलवानाला ग्रासमिअर म्हणजे आपल्याकडचं खासबाग. क्लार्कने तिथं हेवीवेटची कुस्ती मारली, आणि ती सुद्धा रग्बी चालू असताना, युद्धानंतर, वायू खाल्लेल्या छातीने. रग्बी सोडल्यावर १९३० नंतर इंग्लंडमध्ये पैशाच्या कुस्त्यांची लाट आली, ‘ऑल-इन’ म्हणायचे तिला, हॉलमध्ये रिंगमध्ये तिकीट लावून. क्लार्क त्यातही उतरला, चाळिशी गाठलेला असताना, आणि नाव कमावलं.

वस्तादांसाठी अजून एक. आपला गामा पैलवान १९१० ला लंडनला गेला होता, तिथं अमेरिकेच्या रोलरला त्याने लोळवलं आणि पोलंडचा पैलवान झिबिस्को, त्याला जमिनीवरनं उठू दिलं नाही. तेव्हा क्लार्क १९ वर्षांचा होता, हडर्सफील्डला नुकताच लागलेला. आणि त्याच सुमाराला इकडे शाहू महाराज खासबागचं मैदान बांधून घेत होते, ते सुरू झालं १९१२ ला. महाराजांनी मल्लांना नुसतं बक्षीस दिलं नाही, तालमी दिल्या, खुराक लावून दिला, म्हणजे पैलवानाला कुस्तीसाठी रोज बुडवायची वेळ येऊ दिली नाही. क्लार्कच्या मुलखात हे करणारा कुणी राजा नव्हता, तिथं क्लबांनी भांडून घेतलं.

प्रश्न : ताई, माझा प्रश्न खेळाचा आहे का नाही माहीत नाही, पण तुमचं ते मजुरीचं वाचून लिहावंसं वाटलं. माझा मुलगा फौंड्रीत आहे, रोजावर. पेठेतल्या टीमकडनं फुटबॉल खेळतो, चांगला खेळतो. सीझनला मॅच दुपारी असते, महिन्यात पाच-सहा खाडे पडतात, पगार कापून येतो, त्यावरनं घरात रोज कटकट. त्याचे वडील म्हणतात खेळ बंद. मला तोंड उघडता येत नाही. काय करू?
(एक आई, उद्यमनगर)

उत्तर : ताई, हाच खेळाचा प्रश्न आहे. १८९५ ला त्या हॉटेलात जी माणसं बसली होती ती याच प्रश्नावर बसली होती.

तुम्हाला माझ्या आजोबांचं सांगते. ते गूळ बाजारात हमाली करायचे आणि संध्याकाळी तालीम. जत्रेचा सीझन आला की आसपासच्या गावात कुस्त्यांना जायचे. कुस्ती मारली की नारळ, फेटा आणि पाच-दहा रुपये मिळायचे, हलगी लावून खांद्यावर बसवून फिरवायचे, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलं की मुकादम म्हणायचा दोन दिवस आला नाहीस, या आठवड्यात तुझा पाळा दुसऱ्याला दिला. आजी सांगायची, फेटे ट्रंकेत सात होते आणि डब्यात जोंधळा नव्हता. बत्तिसाव्या वर्षी आजोबांनी लंगोट खुंटीला टांगला. गुडघा चांगला होता, खांदे चांगले होते. रोज परवडत नव्हता. म्हणून हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

आता तुमच्या मुलाचं. तीन गोष्टी करून बघा. एक, सीझनचं वेळापत्रक आलं की त्याने सुपरवायझरला आधीच मॅचच्या तारखा लिहून द्याव्यात आणि त्या दिवशी रात्रपाळी किंवा रविवारची बदली मागावी. फौंड्रीत माणूस ऐन वेळी आला नाही की भट्टीवर खोळंबा होतो, राग त्याचा असतो, आधी कळलं तर बरेच जण सांभाळून घेतात. दुसरं, नवऱ्याला हिशोब दाखवा, भांडण नको. महिन्याला नक्की किती कापले, वहीत लिहा. आकडा समोर असला की ‘खेळ बंद’ ऐवजी ‘एवढे कुठनं आणायचे’ असं बोलणं सुरू होतं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी तुम्हाला नाही, सगळ्या तालमींच्या आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना म्हणते. आपल्याकडे टुर्नामेंटला लाखाच्या घरात बक्षिसं लागतात. बाहेरनं प्लेअर आणायला पैसे जमतात, बॅनरला जमतात, मिरवणुकीला जमतात. मग पेठेतलं जे पोरगं रोजावर आहे त्याचा खाडा मंडळाने भरून द्यायला काय हरकत आहे? मानधन म्हणू नका, पगार म्हणू नका, फक्त बुडालेला रोज. मॅचच्या आधी त्याच्याकडनं रोजाचा आकडा घ्या आणि बक्षिसाच्या रकमेतनं सगळ्यात आधी तो बाजूला काढा, मग बाकीचं. तुमच्या मुलाच्या टीमच्या अध्यक्षांकडे तुम्ही स्वतः जा ताई, मुलाला पाठवू नका, त्याला मागायला लाज वाटेल. तुम्ही जा आणि वही घेऊन जा.

खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. तिथनं ब्राँझ मेडल आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक. आपण तर इथं पाच-सहा दिवसांच्या रोजाचं बोलतोय.

यजमान काय म्हणाले ते मला नक्की कळवा.

प्रश्न : रोझनफेल्डने एका सीझनला ८० ट्राय केले हे खरं आहे का छापायची चूक? आणि नंतर त्याचं काय झालं?
(क्विझवाला, ताराबाई पार्क)

उत्तर : चूक नाही. १९१३-१४ चा सीझन, ८० ट्राय. त्याच्या दोन वर्षं आधी त्यानेच ७८ केले होते. हा रेकॉर्ड अजून कुणी मोडला नाही.

तो मूळ सिडनीचा, १९०८ ला ऑस्ट्रेलियाची पहिली टीम इंग्लंडला आली त्यात आला आणि हडर्सफील्डलाच राहिला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं. उंचीने कमी, वजनाने कमी, पण वॅगस्टाफने पास दिला की सापडायचा नाही, आणि आधी सांगितलं तसं तो पास सुटायच्या आधी पुढे क्लार्क आणि मंडळींनी जागा करून ठेवलेली असायची. खेळ संपल्यावर वॅगस्टाफने पब चालवला, तो लवकर गेला, १९३९ ला, ४८ व्या वर्षी. रोझनफेल्ड मात्र १९७० पर्यंत जगला. नोकरी केली हडर्सफील्डच्या म्युनिसिपालिटीत, कचऱ्याच्या गाडीवर. ज्या गावात त्याच्यासाठी मैदानं भरायची त्याच गावच्या गल्ल्यांतनं तो सकाळी गाडी घेऊन फिरायचा.